मिफला विद्यार्थ्यांचा अ‍ॅनिमेशनपट पाठवायचा आहे? कागदपत्रे आधी जमवा

माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच मिफ, १९९० साली सुरू झाला आणि दोन वर्षांतून एकदा भरतो. १८वा महोत्सव १५ ते २१ जून २०२४ दरम्यान झाला. त्यात सर्वोत्तम विद्यार्थी चित्रपटासाठी इंडियन डॉक्युमेंटरी प्रोड्युसर्स असोसिएशनचे एक लाख रुपयांचे पारितोषिक होते. डिप्लोमा फिल्म हार्ड डिस्कवर पडून राहण्यापेक्षा इथे पाठवलेली बरी.

पात्रतेत पहिली अट तारखेची. २०२४ साठी १ सप्टेंबर २०२१ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात पूर्ण झालेले चित्रपट घेतले होते. ही मुदत दर खेपेला बदलते, त्यामुळे जुन्या नियमावलीवर विसंबू नका.

खरी अडचण येते ती हक्कांची. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता; दिग्दर्शक नव्हे. पात्रे तुम्ही रेखाटली, रेंडरसाठी, म्हणजे संगणकाकडून अंतिम दृश्ये तयार करून घेण्यासाठी, रात्री जागवल्या, तरी फिल्म कॉलेजच्या पैशातून झाली असेल तर निर्माता बहुधा कॉलेजच ठरते. म्हणून विभागप्रमुखांकडून ना-हरकत पत्र घ्या आणि त्याच फेरीत विद्यार्थी असल्याचा बोनाफाइड दाखलाही. सुट्ट्या लागल्या की शिक्का मारायला कोणी सापडत नाही.

संगीताचेही तसेच. तुकोबांचे शब्द कोणीही वापरावेत, पण त्या अभंगाला अलीकडे लावलेली चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांचे मालक वेगळे असतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. यूट्यूबवरून उतरवलेला ट्रॅक टाकण्यापेक्षा संगीत शिकणाऱ्या मित्राकडून नवी चाल करून घ्या, आणि परवानगी त्याच्या सहीनिशी कागदावर घ्या. मित्र आहे म्हणून तोंडी ठेवू नका.

अर्ज महोत्सवाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. इंग्रजी सबटायटल्स असलेली प्रत, पासवर्डसह लिंक, छोटा सारांश, दिग्दर्शकाचा परिचय व फोटो, फिल्ममधली स्थिरचित्रे आणि श्रेयनामावली एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. पासवर्ड अर्जानंतर बदलू नका आणि लिंकला मुदत घालू नका. निवड समिती फिल्म कधी उघडेल हे आपल्या हातात नसते.

पाठवण्याआधी फिल्म एकदा मोठ्या पडद्यावर बघाच. हुडिनी या थ्रीडी अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या मोफत अ‍ॅप्रेंटिस आवृत्तीत केलेल्या रेंडरवर वॉटरमार्क उमटतो. लॅपटॉपवर तो डोळ्याआड होतो, थिएटरात नाही. फिल्म शक्यतो सेकंदाला २४ फ्रेम्सवर ठेवा, म्हणजे थिएटरसाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी डिजिटल प्रत) करताना हालचाल अडखळत नाही. डीसीपीचा खर्च मात्र निवड झाल्याशिवाय करू नका.

सेन्सॉर प्रमाणपत्राचे काय, असे बरेच जण विचारतात. महोत्सवातल्या प्रदर्शनासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते आणि ती आयोजक घेतात. पुढे तिकीट लावून थिएटरात दाखवायची असेल, तर प्रमाणपत्र लागेलच.