गिअरची वायर आणि वळणांचे गणित

माउंटन बाइकची गिअरची वायर बदलायला टाकली की तिच्यावरच्या आवरणाबद्दल, म्हणजे आउटरबद्दल, एक सल्ला हमखास कानावर पडतो: 'आउटर जरा लांबच ठेवा, वळण मोठं राहू द्या, म्हणजे गिअर हलके पडतील.' मुरलेले मेकॅनिकही हेच सांगतात आणि त्यांच्या हातचे गिअर खरोखर चांगले पडतात. पण सल्ल्यामागचे कारण चुकीचे आहे. वळण मोठे की लहान, याचा घर्षणाशी जवळपास संबंध नाही. संबंध आहे तो वायर एकूण किती अंश वळली याच्याशी. हे एकदा नीट समजले की जुन्या फ्रेमवर वायरींचा मार्ग बदलताना कुठे हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही, हे बरेचसे आपोआप ठरते.

आधी रचना पाहू. शिफ्टर म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. एकापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या वायर-आउटरच्या जोडीला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. आत साधारण १.२ मिलिमीटर जाडीची पिळाची पोलादी वायर, बाहेर ४ मिलिमीटरचा आउटर. वायर जेवढ्या बलाने ओढली जाते, तेवढ्याच बलाने आउटर दाबला जातो. म्हणून आउटरचे टोक फ्रेमवर कुठेतरी टेकावे लागते. त्यासाठी फ्रेमच्या ट्यूबवर (पाइपवर) बसवलेली खाचेची छोटी बोंडे म्हणजे केबल स्टॉप. दोन स्टॉपच्या मधल्या सरळ भागात आउटर नसतो, वायर उघडीच धावते.

या सगळ्याला अचूकता किती लागते? नऊ गिअरच्या शिमानो शिफ्टरवर एक क्लिक केले की वायर जेमतेम अडीच मिलिमीटर सरकते. डिरेलर त्याच्या साधारण १.७ पट, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास हलतो. त्यात थोडी जरी तूट आली तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये खरखरत राहते.

आता मूळ प्रश्न. वळणावर वायरीचा एक अगदी बारीक तुकडा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या दोन्ही टोकांना ताण आहे, पण दोन ताणांच्या दिशा किंचित वेगळ्या आहेत. या फरकामुळे तुकडा आतल्या बाजूला, आउटरच्या भिंतीवर दाबला जातो. हा दाब किती? ताण गुणिले दिशेतला बदल (रेडियनमध्ये). यात वळणाची त्रिज्या कुठेच नाही! वळण आवळ असेल तर वायर थोड्या लांबीवर जोरात दाबली जाते. वळण ऐसपैस असेल तर जास्त लांबीवर हलकेच दाबली जाते. एकूण दाब तेवढाच भरतो. त्याला घर्षण गुणांकाने (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात ते सांगणाऱ्या संख्येने) गुणले की त्या तुकड्यापुरता घर्षणाचा विरोध मिळतो.

पण हे तुकड्यातुकड्याचे विरोध नुसते बेरजेने वाढत नाहीत. पहिल्या अंशावर घर्षणाला तोंड द्यायला ताण थोडा वाढवावा लागतो. वाढलेल्या ताणामुळे दुसऱ्या अंशावर दाब जास्त पडतो, म्हणून घर्षणही जास्त, म्हणून तिसऱ्या अंशावर ताण आणखी जास्त. चक्रवाढ व्याजासारखा हा हिशोब आहे. शेवटी ताणांचे गुणोत्तर येते ते 'ई' या संख्येचा (साधारण २.७१८) घात, आणि घातांक म्हणजे घर्षण गुणांक गुणिले एकूण वळण. १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी हे गणित मांडले आणि पुढे योहान आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याचेही नाव त्याला जोडले गेले. बंदरातला खलाशी धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे तीन वेढे देऊन एकट्याने भरलेली बोट धरून ठेवतो, ते याच सूत्राच्या जोरावर. दोर आणि खुंट यांचा घर्षण गुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला साडेसहा पट, दोन वेढ्यांना ४३ पट आणि तीन वेढ्यांना २८५ पट फरक पडतो. खलाशाला जे हवे, नेमके तेच आपल्याला सायकलवर नको असते.

बरी, स्वच्छ, आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेली केबल घेऊ आणि गुणांक ०.१५ धरू. मग दर ९० अंशांना ताण १.२७ पट होतो. १८० अंशांना १.६ पट, २७० अंशांना २.०३ पट, ३६० अंशांना २.५७ पट. चिखल शिरून गुणांक ०.३ झाला तर तेच २७० अंश ४.१ पट मागतात.

अंगठ्याने क्लिक करताना हे फारसे जाणवत नाही, कारण अंगठ्यात जोर भरपूर असतो. खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. गिअर सोडताना शिफ्टर वायर ढकलत नाही, वायर ढकलताच येत नाही. ती मागे खेचायची असते डिरेलरच्या स्प्रिंगने, आणि स्प्रिंगचा जोर ठरलेला. समजा स्प्रिंग ४० न्यूटनने खेचते आहे. स्वच्छ केबलमध्ये २७० अंशांनंतर शिफ्टरपाशी २० न्यूटन उरतात. मळलेल्या केबलमध्ये १० सुद्धा उरत नाहीत. म्हणून वायर खराब व्हायला लागली की मोठ्या चकतीवर चढणारे गिअर ठीक पडतात आणि लहान चकतीवर उतरणारे अडखळतात. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा वेळी डिरेलरचे स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नाही.

मग मोठ्या वळणाचा सल्ला देणाऱ्यांचे गिअर चांगले का पडतात? फार आवळ वळणात आउटरच दुमडतो आणि वायरीचा स्वतःचा ताठरपणाही आड येतो. तेवढे टळले की सल्ल्याचे काम झाले. त्यापलीकडे आउटर लांबवत नेला तर तो बाहेर फुगून पुन्हा आत वळतो. म्हणजे अंश वाढतात, आणि सल्ला उलटतो.

अंश मोजताना एक पथ्य पाळायचे: डावी-उजवी वळणे एकमेकांना कापत नाहीत. ४० अंश डावीकडे आणि ४० अंश उजवीकडे म्हणजे शून्य नव्हे, ८०. हे ध्यानात ठेवून सायकल बाजूने पाहा. डाउन ट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या पाइपच्या) खालून जाणाऱ्या वायरीला पुढे सुमारे ४५ अंश खाली वळावे लागते. बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचा आस बसतो त्या भागाखाली) तेच ४५ अंश उलटे फिरून तिला चेनस्टेवर, म्हणजे तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपवर, यावे लागते. जुन्या पद्धतीच्या डिरेलरमध्ये वायर मागून शिरते, म्हणून शेवटी जवळजवळ १८० अंशांचा फेरा. एकूण २७०. आता तीच वायर टॉप ट्यूबवरून, म्हणजे सीटकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवरून न्या. सीटस्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या पाइपवर) उतरताना ६० अंश, पुढे डिरेलरमध्ये शिरताना १२०. एकूण १८०. वरच्या मार्गात घेतलेले वळण कुठेच परत करावे लागत नाही, सगळी वळणे एकाच दिशेची. ९० अंश वाचले! फ्रेमगणिक आकडे थोडे हलतील, पण तर्क हलत नाही. वायर समोरून घेणारा शॅडो पद्धतीचा डिरेलर असेल तर शेवटचा फेराच जातो आणि वरच्या मार्गाचा हा फायदा उरत नाही. तेव्हा मार्ग ठरवण्याआधी आपला डिरेलर वायर कुठून घेतो ते पाहावे.

वरच्या मार्गाचा दुसरा फायदा चिखलाचा. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला लाल मातीत चालवलेल्या सायकलची वायर उपसून पाहा. मधला भाग लखलखीत असतो. जिथे वायर आउटरमध्ये शिरते तिथे, आउटरच्या टोकावरच्या टोपीच्या आतल्या बाजूला, बोटभर लांबीचा तांबूस-तपकिरी पट्टा असतो आणि नखाने खरवडला तर बारीक वाळू निघते. प्रत्येक क्लिकबरोबर वायर अडीच मिलिमीटर आत-बाहेर करते आणि अंगावरचा चिखल स्वतःच आत ओढून नेते. उघड्या वायरीचे प्रत्येक टोक म्हणजे चिखलाला एक दार. आउटर शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत अखंड नेला तर मधली सगळी दारे बंद होतात. सरळ भागात वळण शून्य, त्यामुळे सूत्राप्रमाणे तिथे घर्षणही जवळपास शून्य. मात्र आउटर ताठ सरळ बांधायला हवा, ढिला राहून नागमोडी झाला की अंश वाढलेच. कोरड्या प्रदेशात उघडी वायरच चांगली. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाला माझे मत अखंड आउटरच्या बाजूने आहे.

यासाठी फ्रेममध्ये करावा लागणारा बदल छोटा आहे. केबल स्टॉपमधले भोक फक्त वायरीपुरते असते. ते ड्रिलने मोठे करून आउटर आरपार जाईल इतके करायचे, कडा बारीक कानशीने गुळगुळीत करायच्या आणि उघड्या धातूला रंग लावायचा. स्टॉप ट्यूबच्या बाहेर असतो, सायकलस्वाराचे वजन त्याच्यातून जात नाही. म्हणून इथे ड्रिल चालवणे सुरक्षित. ड्रिलचे टोक ट्यूबला लागू द्यायचे नाही, एवढेच. वरच्या मार्गावर स्टॉपच नसतील तर चिमटे, चिकटवायचे गाइड किंवा प्लॅस्टिकचे पट्टे पुरतात, कारण अखंड आउटरला टेकू लागत नाही, नुसता आधार लागतो. पोलादी फ्रेमवर जाणकार कारागीर चांदीच्या ब्रेझिंगने (चांदीमिश्रित धातू वितळवून केलेल्या जोडाने) नवा आधार जोडू शकतो. ६०६१-टी६ या उष्णता-संस्कार केलेल्या अॅल्युमिनियमवर मात्र वेल्डिंग करू नये. उष्णतेने त्या जागची मजबुती जवळपास निम्म्यावर येते आणि पूर्ण फ्रेमवर पुन्हा उष्णता-संस्कार केल्याशिवाय परत येत नाही.

डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असतील तर आणखी एक सवलत मिळते. पास्कलच्या नियमानुसार तेलातला दाब वळणांची पर्वा करत नाही. तेव्हा नळी दुमडणार नाही एवढे पाहून तिला वाकडीतिकडी वाट द्यावी आणि सरळ, सोपी वाट गिअरच्या वायरीला ठेवावी. अनेक फ्रेमवर नेमके उलटे केलेले दिसते.

अलीकडे नळ्या आणि वायरी हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरते त्या सांध्यातून), थेट बेअरिंगच्या पोटातून आत नेण्याची टूम निघाली आहे. सायकल दिसते देखणी. पण हँडलखालीच वायरीला जास्तीची आवळ वळणे पडतात आणि पावसाळ्यानंतर वरचे बेअरिंग बदलायचे तर ब्रेकची नळी सोडावी लागते. डोंगरातल्या सायकलला वाऱ्याचा विरोध कमी झाल्याचा लाभ जवळपास शून्य. ही सोय नव्हे, जाहिरात आहे. आणि दसऱ्याला सायकलची पूजा जरूर करा, पण नजर लागू नये म्हणून हँडलवर लिंबू-मिरची टांगू नका. नजरेने गिअर अडकत नाहीत. वायरीवर ठिबकणाऱ्या लिंबाच्या आम्लाने आणि शिफ्टरमध्ये गुंतलेल्या दोऱ्याने मात्र अडकतात.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न: वायर आतून नेण्यासाठी ट्यूबलाच भोक पाडले तर? ड्रॉपर सीटपोस्ट (खटक्याने सीट वर-खाली करणारा दांडा) बसवताना हा मोह फार जणांना होतो. १८९८ मध्ये जर्मन अभियंता किर्श यांनी ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाचे गणित सोडवले. भोकाच्या कडेला प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, तिप्पट होते. इथेही गंमत तीच, भोक पत्र्याच्या मानाने लहान असेल तर त्याच्या आकारमानाने फरक पडत नाही. म्हणून 'छोटंसंच तर भोक आहे' हा युक्तिवाद टिकत नाही. ट्यूब पिळली जाते तेव्हा तर परिणाम चौपट होतो, कारण पीळ म्हणजे एका तिरक्या दिशेने ताण आणि तिला काटकोनात दाब. ताणाचे तीन आणि दाबाचा एक, दोन्ही कडेच्या एकाच जागी जमा होतात. पेडल मारताना डाउन ट्यूब प्रत्येक पावलाला अशीच पिळली जाते. कारखान्यात भोकाभोवती भिंत जाड ठेवून याची भरपाई करता येते. जुन्या क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) ट्यूबची भिंत टोकांना ०.८ आणि मधे ०.५ मिलिमीटर असू शकते, तिथे भरपाईला धातूच नाही.

एका झटक्यात फ्रेम तुटत नाही. धोका थकव्याचा आहे, लाखो वेळा येणाऱ्या लहान प्रतिबलांचा. पोलादाला एक मर्यादा असते आणि तिच्याखालचे प्रतिबल ते जवळपास कायम सोसते. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. म्हणून अॅल्युमिनियमच्या ट्यूबला घरी भोक पाडू नये. कार्बनला तर नाहीच, तिथे भार वाहणारे तंतूच कापले जातात. आधी फ्रेममध्ये असलेली भोके शोधावीत, बाटलीच्या स्टँडची किंवा बॉटम ब्रॅकेटच्या तळाची. तीही सोयीची नसतील तर बाहेरून वायर घेणारा ड्रॉपर मिळतो, तो घ्यावा.

पोलादी फ्रेमला भोक पाडायचेच ठरवले तर जागा हेड ट्यूब (हँडलखालचा पाइप) आणि बॉटम ब्रॅकेटच्या जोडांपासून दूर हवी. ट्यूब वर-खाली वाकते तेव्हा तिच्या बाजूंवर प्रतिबल सर्वांत कमी असते, म्हणून भोक वर किंवा खाली नको, बाजूला हवे. कड आतून-बाहेरून घासून आरशासारखी करावी, कारण ड्रिलचा प्रत्येक ओरखडा म्हणजे आणखी एक सुरुवातीचा तडा. पुढे दर वेळी सायकल धुताना रबरी बूच काढून भोकाची कड पाहावी. पिळामुळे येणारा तडा ट्यूबला आडवा किंवा उभा जात नाही, अक्षाशी ४५ अंशांत तिरका निघतो आणि सुरुवातीला रंगातल्या केसाएवढ्या रेघेसारखा दिसतो. नजर तिथेच, त्या तिरक्या दिशांना ठेवावी.