१२५ जिंकले, ८५ हरले: फँटसी फुटबॉलच्या रेकॉर्डमध्ये स्किल किती आणि नशीब किती

अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये एक जण असा असतोच ज्याचा रेकॉर्ड सगळ्यांना तोंडपाठ असतो. समजा अशा एका मॅनेजरचा रेकॉर्ड आहे १५ सीझनमध्ये १२५ विजय, ८५ पराभव आणि ३ टायटल. ड्राफ्टच्या रात्री तो कोणाला उचलतो हे बघून बाकीचे आपापल्या याद्या बदलतात, कोणाशी ट्रेड करायचा असेल तर आधी त्याला विचारतात. आता या आकड्यांमध्ये त्या माणसाचा वाटा किती आणि नशिबाचा किती? मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण याचं उत्तर बऱ्यापैकी काढता येतं आणि त्यासाठी लागणारं गणित अजिबात अवघड नाहीये.

आधी खेळ थोडक्यात. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. साधारण १० किंवा १२ जण मिळून लीग काढतात, सीझन सुरू व्हायच्या आधी ड्राफ्टमध्ये एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, खरे प्लेयर आळीपाळीने निवडतात, आणि मग दर आठवड्याला त्या प्लेयरनी खऱ्या मॅचमध्ये जे केलं त्याचे पॉइंट तुमच्या टीमला मिळतात. बहुतेक ठिकाणी बॉल घेऊन पळालेल्या किंवा कॅच घेऊन मिळवलेल्या १० यार्डाला १ पॉइंट, टचडाउनला (म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की) ६, क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्या मुख्य प्लेयरच्या) पासिंगला २५ यार्डाला १ आणि पासिंग टचडाउनला ४. दर आठवड्याला तुमची टीम लीगमधल्या एकाच टीमशी भिडते, ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. २०२१ पासून एनएफएलचा सीझन १७ मॅचचा झाला, त्यामुळे आता बऱ्याच लीगमध्ये १४ आठवडे साखळी आणि नंतर प्लेऑफ म्हणजे बाद फेरी असं चालतं. न्यू जर्सी, डॅलस, बे एरियात नोकरीला गेलेली आपली मराठी मंडळीसुद्धा ऑफिसच्या लीगमधूनच या खेळात शिरतात, बऱ्याचदा नियम नीट कळायच्या आधी.

सुरुवात मात्र बरीच जुनी आहे. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स या टीमचे एक भागीदार बिल विंकनबॅक यांनी टीमच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून सोबतच्यांबरोबर ही कल्पना मांडली, आणि १९६३ मध्ये ओकलंडला आठ टीमचा पहिला ड्राफ्ट झाला. पहिला उचललेला प्लेयर होता जॉर्ज ब्लँडा. तेव्हा स्कोअरिंग मुख्यतः टचडाउन आणि किकवर होतं, आणि हे पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण टचडाउन ही मुळात कमी वेळा होणारी गोष्ट, आणि जी गोष्ट कमी वेळा होते तिच्यात नशिबाचा गोंधळ जास्त असतो.

आता आपल्या मॅनेजरकडे येऊ. सगळ्यात पहिलं काम म्हणजे अशी लीग डोळ्यासमोर आणायची जिथे स्किल शून्य आहे, १२ जण आहेत आणि प्रत्येक मॅच म्हणजे निव्वळ छापा-काटा. १५ सीझन गुणिले १४ मॅच म्हणजे २१० मॅच. सरासरी १०५ विजय येणार हे उघड आहे, पण सगळ्यांचे १०५ येणार नाहीत, आकडे पसरणार. हा पसारा मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन, आणि छापा-काट्यासाठी ते मॅचच्या संख्येच्या वर्गमूळाच्या निम्मं असतं, म्हणजे इथे साधारण ७.२५ विजय. १०० पैकी ९५ वेळा माणूस ९१ ते ११९ च्या मध्ये कुठेतरी असेल. म्हणजे काहीही न कळणारा माणूससुद्धा १५ वर्षांनंतर ११५-९५ घेऊन फिरू शकतो, आणि त्याला वाटणार की आपल्याला खेळ समजतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आपण कोणाचाही रेकॉर्ड बघत नाहीये, आपण लीगमधल्या सगळ्यात चांगल्या माणसाचा रेकॉर्ड बघतोय. १२ जणांमधला पहिला निवडला की तो निव्वळ नशिबावरसुद्धा सरासरीपेक्षा साधारण १.६ प्रमाण विचलन वर असतो, म्हणजे ११७-९३ च्या आसपास. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. ११७-९३ हा रेकॉर्ड ऐकायला भारी आहे, पण ज्या लीगमध्ये कोणालाच काही कळत नाही तिथेही पहिल्या नंबरचा माणूस साधारण तिथेच असेल.

टायटलची गत तर अजून वाईट. १२ टीम, दरवर्षी एक टायटल, १५ वर्षं. शुद्ध नशिबावर एकही टायटल न मिळण्याची शक्यता २७ टक्के, म्हणजे १२ पैकी तीन जण १५ वर्षं कोरडे राहणार, आणि त्यात त्यांची काही चूक नसणार. ३ किंवा जास्त टायटल मिळण्याची शक्यता १२ टक्के, म्हणजे तसे एक-दोन जण नुसत्या नशिबानेच निघणार. त्यामुळे आपल्या मॅनेजरची ती ३ टायटल, ज्यांच्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि ज्यांची ट्रॉफी कपाटात ठेवली जाते, तीच त्याच्या रेकॉर्डमधली सगळ्यात कमी बोलणारी गोष्ट आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की टायटल मोजून मॅनेजर ओळखायचा प्रयत्न सोडून द्यावा.

मग १२५-८५ चं काय? हा आकडा सरासरीच्या २० विजय वर, म्हणजे पावणेतीन प्रमाण विचलन. छापा-काट्याच्या लीगमध्ये १२ पैकी कोणीतरी एक जण तरी इथपर्यंत पोचेल अशा लीग शंभरात चार निघतील. अशक्य नाही, पण दुर्मीळ आहे. या माणसात काहीतरी आहे असं म्हणायला हरकत नाही.

हे काहीतरी म्हणजे नेमकं किती, ते पॉइंटमध्ये बघितलं की मला दरवेळी नवल वाटतं. समजा लीगमध्ये एक टीम आठवड्याला सरासरी १२० पॉइंट करते आणि तो स्कोअर साधारण २५ पॉइंटने वरखाली होतो. दोन टीम भिडल्या की फरकाचा पसारा ३५ च्या आसपास जातो. आता एखादा मॅनेजर बाकीच्यांपेक्षा दर आठवड्याला सरासरी ५ पॉइंट जास्त काढतो असं धरलं तर त्याची जिंकण्याची शक्यता होते साधारण ५५-५६ टक्के. १० पॉइंट जास्त काढत असेल तर ६१. आणि एक टचडाउन ६ पॉइंटचं असतं! म्हणजे उन्हाळाभर केलेला अभ्यास, ड्राफ्टची तयारी, मंगळवारी रात्री जागून वेव्हरवर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या प्लेयरांवर) लावलेले क्लेम, हे सगळं मिळून जो ५ पॉइंटचा फायदा होतो तो आठवड्याला एका टचडाउनपेक्षाही कमी.

आणि एक टचडाउन कशावरून येतं-जातं याचं उदाहरण म्हणून १६ डिसेंबर २००७ ची फिलाडेल्फिया-डॅलस मॅच घ्या. फिलाडेल्फियाचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, ब्रायन वेस्टब्रूक शेवटच्या मिनिटांत एकदम मोकळा सुटला, समोर कोणी नाही, आणि तो १ यार्ड आधी स्वतःहून गुडघा टेकून थांबला, कारण टचडाउन केलं असतं तर बॉल डॅलसला परत मिळाला असता, आणि थांबल्यामुळे घड्याळ संपवता आलं. फिलाडेल्फिया १०-६ ने जिंकली. मैदानावर तो अत्यंत हुशारीचा निर्णय होता, पण तो आठवडा फँटसी प्लेऑफचा होता आणि देशभरात किती तरी लोकांच्या टीममधले ६ पॉइंट तिथे त्या एका यार्डावर राहिले. त्यांनी वेस्टब्रूकला ड्राफ्ट केलं होतं म्हणजे त्यांचा अंदाज बरोबरच होता, तरी रेकॉर्डमध्ये पराभवच लागला. उलटं पण होतं, १५ डिसेंबर २०१३ ला कॅन्सस सिटीच्या जमाल चार्ल्सने एकाच मॅचमध्ये ५ टचडाउन केले आणि ज्याच्याकडे तो होता त्याची बाकीची अर्धी टीम झोपलेली असली तरी चाललं असतं. दुखापतींचं तर बोलायलाच नको, २०२३ मध्ये अ‍ॅरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडून पहिल्याच मॅचच्या चौथ्या प्लेवर जायबंदी झाला आणि सीझन संपला, हे कुठल्या मॅनेजरला आधी दिसणार होतं.

आता उलट दिशेने विचार करू, रेकॉर्ड दिसतोय तर खरं स्किल किती समजायचं? इथे जी युक्ती आहे तिचं मूळ फ्रान्सिस गाल्टनकडे जातं, त्याने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून दाखवलं की फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात पण सरासरीच्या दिशेने थोडी सरकलेली असतात. कामगिरीचंही तसंच, टोकाच्या आकड्यात स्किलबरोबर नशीबही मिसळलेलं असतं आणि पुढच्या वेळी ते नशीब सोबत येईलच असं नाही. म्हणून दिसणारा आकडा सरासरीकडे थोडा ओढून घ्यायचा. किती ओढायचा हे मॅच किती झाल्या यावर ठरतं. समजा लीगमधल्या लोकांच्या खऱ्या स्किलमधला फरक बेताचा आहे, ४ टक्क्यांचं विचलन धरू. मग एका सीझनचा १०-४ म्हणजे ७१ टक्के रेकॉर्ड बघून खरं स्किल फक्त ५२ टक्क्यांच्या आसपास समजावं लागतं, कारण १४ मॅचमध्ये कळण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. १० किंवा जास्त विजय छापा-काट्यावर ९ टक्के वेळा येतात, १२ जणांच्या लीगमध्ये दरवर्षी एकाला. पण १२५-८५ म्हणजे ५९.५ टक्के, २१० मॅचवर, तो ओढून येतो ५५.५ टक्क्यांवर. १५ वर्षांनी आकड्याचा अर्ध्याहून जास्त भाग खरा ठरतो.

यात एक धोका पण आहे आणि तो लपवायला नको. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये हीच पद्धत बेसबॉलवर लावून दाखवली होती. १९७० च्या सीझनच्या सुरुवातीच्या ४५ संधींमध्ये १८ बॅटरची कामगिरी घेऊन त्यांनी सगळे आकडे सरासरीकडे ओढले, आणि उरलेल्या सीझनचा अंदाज एकूण बघता साध्या आकड्यांपेक्षा कितीतरी चांगला आला. पण त्या १८ जणांत रॉबर्टो क्लेमेंटे होता, ४५ पैकी १८ हिट, म्हणजे बॅटिंगची सरासरी .४००. गणिताने त्याला ओढून .२९ च्या आसपास आणलं आणि त्याने उरलेल्या सीझनमध्ये मारले .३४६. म्हणजे सगळ्यांसाठी मिळून बरोबर असलेली पद्धत खरोखर असामान्य माणसावर अन्याय करते. तुमच्या लीगमधला तो एक जण क्लेमेंटे असूच शकतो, फक्त त्याचा पुरावा यायला वेळ लागतो. ५५ टक्के खरं स्किल असलेला मॅनेजर नशिबापासून स्पष्ट वेगळा दिसायला साधारण ४०० मॅच लागतात, म्हणजे २८ सीझन. ६० टक्केवाला असेल तर १०० मॅच पुरतात, म्हणजे ७ सीझन.

एवढं थांबायचं नसेल तर विजय-पराभव सोडून दुसरा कॉलम बघा. आपण किती पॉइंट केले हे काही प्रमाणात आपल्या हातात असतं, आपल्याविरुद्ध किती झाले हे अजिबात नसतं, तिथे कोणी बचाव करत नाही. लीगमध्ये त्या आठवड्याचा दुसऱ्या नंबरचा स्कोअर करूनही ११ पैकी एका वेळी समोर पहिला नंबर येतो आणि तुम्ही हरता. म्हणून जाणकार लोक ऑल-प्ले रेकॉर्ड काढतात, दर आठवड्याला तुमचा स्कोअर बाकीच्या ११ जणांशी लावून बघायचा, सीझनला १५४ तुलना होतात आणि वेळापत्रकाचं नशीब पूर्ण निघून जातं. प्लेयरचं नशीब उरतंच, पण निम्मी धूळ तरी खाली बसते.

यावर गंभीर संशोधनही झालंय. एमआयटीच्या अ‍ॅनेट होसोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅनड्युएल या ऑनलाइन फँटसी कंपनीच्या २०१३ आणि २०१४ च्या सीझनचा डेटा घेऊन स्किल आणि नशीब मोजायचं एक माप तयार केलं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कल्पना फार सुंदर आहे: प्रत्येक खेळणाऱ्याच्या मॅच दोन भागांत वाटायच्या आणि एका भागातलं यश दुसऱ्या भागातल्या यशाशी जुळतं का बघायचं. नुसतं नशीब असेल तर काहीच जुळणार नाही, स्किल असेल तर जो एका भागात वर तो दुसऱ्यातही वर. डेटामध्ये स्किल दिसलं. अमेरिकेत आणि भारतातही या प्रश्नाला कायद्याचं वजन होतं, २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाने मुंबईच्या ड्रीम११ या फँटसी कंपनीचा खेळ स्किलचा मानला होता, पण ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम स्किल असो वा नशीब सरसकट बंद केले. मित्रांच्या लीगला मात्र हीच चाचणी घरच्या घरी लावता येते, विषम वर्षांचे पॉइंट एकीकडे, सम वर्षांचे दुसरीकडे, आणि बघा दोन्हीकडे वर तेच लोक आहेत का.

एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते जुन्या मॅनेजरचा रेकॉर्ड वाचताना तीच सगळ्यात जास्त विसरली जाते. १९९० च्या दशकात लोक मासिकं विकत घेऊन ड्राफ्टला यायचे, दुखापतीची बातमी पेपरात शोधायची, स्कोअर हाताने मोजायचे, आणि जो खरोखर वाचून यायचा त्याला प्रचंड फायदा असायचा. १९९९ मध्ये याहूने फुकट लीग सुरू केल्या आणि हळूहळू सगळ्यांच्या फोनवर तीच रँकिंग, तीच दुखापतीची बातमी, तोच अंदाज आला. आता सगळेच हुशार झाले तर एकमेकांमधलं अंतर कमी होतं, नशिबाचा पसारा मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे निकालात नशिबाचा वाटा वाढतो, लोक आधीपेक्षा चांगलं खेळत असूनही. म्हणून २००० च्या आसपासचे ६२ टक्के आणि आजचे ५६ टक्के यांची सरळ तुलना करता येत नाही, आजचे ५६ कदाचित जास्त अवघड असतील. एखाद्याचा रेकॉर्ड २५ वर्षांचा असेल तर पाच-पाच वर्षांचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा त्या काळातल्या लीगच्या सरासरीशी आणि त्या वेळी लीगमध्ये कोण कोण होतं त्याच्याशी लावून बघायला हवा, कारण लीगमधले चार कच्चे लोक सोडून गेले आणि चार तयार लोक आले की तोच मॅनेजर, तेवढ्याच मेहनतीने, ५८ वरून ५४ वर येतो.