स्पेस १९९२ : राइज ऑफ द केऑस विझर्ड्स

ग्लोरीहॅमर या ब्रिटिश-स्विस पॉवर मेटल (हेवी मेटल रॉकचा वेगवान, सुरेल उपप्रकार) बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम. नेपाम रेकर्ड्सतर्फे सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध. विज्ञानकल्पना आणि अद्भुतकथा यांचा मेळ घालणारा हा दहा रचनांचा कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कथासूत्रात गुंफलेला अल्बम आहे. कीबोर्डवादक क्रिस्टोफर बोव्स यांनी २०१० मध्ये हा बँड स्थापन केला. ‘एलस्टॉर्म’ या स्कॉटिश बँडचे गायक म्हणूनही ते परिचित आहेत. बँडमधील प्रत्येक वादकाला कथेतील एक पात्र नेमून दिलेले असून मैफलीत तो त्याच वेशात उभा राहतो. या अल्बमात नायक अँगस मॅकफाइफ ही भूमिका गायक थोमास विंकलर यांची, तर दुष्ट जादूगार झारगोथ्रॅक्स ही बोव्स यांची.

पहिल्या अल्बमातील (२०१३) कथा दहाव्या शतकातील काल्पनिक स्कॉटलंडमध्ये घडते. तिच्या शेवटी जादूगार गोठवला जातो. हजार वर्षांनी, १९९२ मध्ये, केऑस विझर्ड्स हे जादूगार त्याची सुटका करतात व मूळ नायकाचा त्याच नावाचा तेरावा वंशज त्याच्याशी लढायला निघतो. ‘अपॉकॅलिप्स १९९२’ या दीर्घ अंतिम रचनेत हूट्समन हा योद्धा आपल्या छातीतील न्यूट्रॉन ताऱ्याच्या शक्तीचा स्फोट घडवतो आणि त्यात पृथ्वीच नष्ट होते.

कथा अवकाशात गेली, तरी तिची नाळ पहिल्या अल्बमातील भूमीशी, म्हणजे फाइफशी जुळलेली राहते. फाइफ हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील टे आणि फोर्थ या खाड्यांमधील प्रदेश. त्याला आजही ‘किंग्डम’ म्हणतात. या बिरुदामागे खरोखर एखादे राज्य होते का, हा जुना वाद आहे. स्कॉटलंडच्या उत्तर व पूर्व भागातील प्राचीन पिक्ट लोकांच्या दंतकथेत क्रुइथ्ने या आद्यपुरुषाच्या सात मुलांपैकी एकाचे नाव ‘फिब’ आहे. साधारणपणे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा तेराव्याच्या आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या ‘दे सितू अल्बानिए’ या लॅटिन लेखातही सात विभागांत फाइफची गणना आहे. जुन्या लेखकांनी यावरून सात स्वतंत्र पिक्ट राज्यांची कल्पना मांडली. तथापि हे लेखन पिक्ट सत्तेनंतर बऱ्याच काळाने झाले असल्याने त्यात नंतरच्या प्रांतरचनेचे प्रतिबिंब असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कथेतील डंडी हे शहर मात्र टेच्या उत्तर तीरावर, म्हणजे फाइफच्या बाहेर आहे.

पॉवर मेटलमध्ये अनेक अल्बमांतून उलगडणाऱ्या अद्भुतकथेचा पाया इटलीतील ‘रॅप्सडी’ने १९९७ ते २००२ या काळात भक्कम केला. अवकाशविषयाचे श्रेय सहसा जर्मनीतील ‘गामा रे’ व ‘आयर्न सेव्हियर’ यांच्या १९९७ मधील अल्बमांना दिले जाते. त्याआधीच्या हेवी मेटलमध्येही तो विषय आढळत असल्याने हा आरंभ काटेकोर मानू नये. ग्लोरीहॅमरने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. वेगवान दुहेरी बास ड्रम, उंच पट्टीतले गायन व समूहस्वरातील ध्रुवपद ही पॉवर मेटलची परिचित घडण या अल्बमात कायम आहे. काही समीक्षक याला विडंबन समजतात. परंतु रचनांतील कसब आणि शैलीचे काटेकोर पालन पाहता ही या संगीतप्रकाराला मनापासून दिलेली दाद आहे, असे म्हणणे सयुक्तिक ठरते.

हे कथासूत्र २०१९ च्या अल्बमात पुढे चालू राहिले. विंकलर २०२१ मध्ये बँडबाहेर पडले. २०२३ च्या चौथ्या अल्बमात सायप्रसचे सोझोस मायकल गायक आहेत.