जुना ब्रेक ड्रम नक्की कुठल्या गाडीचा?

जुन्या स्पोर्ट्स कारचा सुटा ब्रेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला आतून ब्रेकचे शू घासतात) हातात आला की सगळे आधी त्यावरचा नंबर शोधतात, पण तो नंबर बऱ्याचदा कास्टिंगचा असतो, म्हणजे फाउंड्रीत साच्यातून निघालेल्या कच्च्या तुकड्याचा, आणि तोच तुकडा पुढे वेगवेगळ्या पद्धतीने मशीन होऊन दोन मॉडेल्सना लागलेला असू शकतो. म्हणून नंबर लिहून ठेवा, पण निर्णय मेटल आणि मापं बघूनच घ्या.

आधी ड्रम ओल्या फडक्याने पुसा, हवा मारून धूळ अजिबात उडवू नका, कारण जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसात जाणं फार वाईट.

मग लोहचुंबक लावा. बाहेरून चिकटला तर ड्रम साध्या बिडाचा. बाहेरून नाही चिकटला पण आतल्या बाजूला चिकटला तर तो ॲल्युमिनियमचा, आत बिडाची रिंग असलेला. ही भानगड कशाला, तर ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. १ टनाची गाडी ताशी १०० किमीवरून थांबवली की साधारण ३८५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, आणि चारही ड्रम मिळून ३२ किलो बीड धरलं तर एका थांब्यात ते सरासरी २६ अंशांनी तापतं. एकदाच थांबलात तर काही नाही, पण रेसमध्ये किंवा घाट उतरताना थांब्यावर थांबे चढत जातात. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली जातं. ॲल्युमिनियम हलकं आणि उष्णता बिडाच्या कितीतरी पट भरभर वाहून नेतं, पण शूच्या घासण्याला टिकत नाही, म्हणून घासायला बीड आणि बाहेर फिन्सचं, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ उभ्या पट्ट्यांचं, ॲल्युमिनियम. अल-फिन पद्धतीत तर बिडाची रिंग वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवून दोन्ही धातूंमध्ये रासायनिक थर तयार करतात आणि मग भोवती ओततात, मला तरी ही त्या काळातली सगळ्यात देखणी इंजिनिअरिंग वाटते.

आता मापं, आणि खरी गंमत इथेच आहे. ऑस्टिन-हीली १०० चे ड्रम ११ इंची, म्हणजे २७९.४ मिमी, आणि अगदी सुरुवातीच्या सोडल्या तर पोर्शे ३५६ चे २८० मिमी. फरक फक्त ०.६ मिमी! घासलेला ड्रम यापेक्षा जास्त मोठा झालेला असतो, शिवाय २८० मिमीचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला तरी तेवढाच फुगतो. त्यामुळे ड्रम थंड असताना, आणि शू जिथे पोचत नाही त्या न झिजलेल्या कडेवर मोजा, झिजलेल्या पट्ट्यावर नाही, आणि एकट्या व्यासावर कधीच ठरवू नका. रुंदी मोजा. बोल्टचं वर्तुळ, म्हणजे चाकाच्या सगळ्या बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मोजा, पाच बोल्ट असतील तर समोरासमोर बोल्ट येतच नाहीत, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणा. १२०.५ मिमी आलं तर वर्तुळ २०५ मिमीचं, ते पोर्शे ३५६ चं (आणि जुन्या फोक्सवॅगनचंही, तेव्हा इथेही घाई नको).

पुढचा की मागचा हे मध्यभाग सांगतो. ३५६ च्या पुढच्या ड्रममध्ये चाकाचे बेअरिंग बसतात, मागच्यात ॲक्सलसाठी दाते असतात. सन १९६३ मध्ये आलेल्या ३५६ सीला डिस्क ब्रेक होते, तेव्हा 'सीचा ड्रम' म्हणून कोणी काही विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

गाडी ओळखली तरी घ्यायच्या आधी बिडाचा ड्रम टांगून हलकेच ठोका, चांगला असेल तर घणघणतो, तडा असेल तर भद्द वाजतो. ॲल्युमिनियमच्या ड्रमला हा आवाज फारसा लागू नाही, तिथे रिंग आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर फट दिसते का ते भिंगातून बघा, कारण तो थर सुटला की उष्णता फिन्सपर्यंत नीट पोचतच नाही आणि मग मापं कितीही बरोबर असली तरी तो ड्रम गाडीला लावू नये.