चिठ्ठीत माफिया निघाला की गप्प काका बोलायला लागतात

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये शनिवारी रात्री क्लबहाऊसवर माफिया रंगतो (चिठ्ठ्या काढून काही जण गुपचूप माफिया बनतात, आणि बाकीच्यांनी त्यांना ओळखायचं असा गेम) तेव्हा एक सीन हमखास होतो. एजीएममध्ये मेंटेनन्स वाढला तरी तोंड न उघडणारे बी विंगचे काका इतकं सफाईदार खोटं बोलतात की अख्खा ग्रुप गंडतो, आणि मग काकू म्हणतात, "अहो, हे कधी शिकलात तुम्ही?" (हा गेम १९८० च्या दशकात मॉस्को युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने काढला, त्यामुळे त्यात माणसं उघडी पडतात असं लोकांना वाटलं तर नवल नाही.)

पण हे काकांचं "खरं रूप" का? मला नाही वाटत.

१९४८ साली मॅनुइलेंको नावाच्या रशियन संशोधक बाईंनी लहान मुलांना नुसतं "न हलता उभे राहा" सांगून बघितलं, आणि मग खेळात पहारेकरी बनवून. पहारेकरी झालेली पोरं कितीतरी जास्त वेळ स्थिर उभी राहिली! २०१७ च्या एका अमेरिकन प्रयोगात तर ४ आणि ६ वर्षांच्या मुलांना एक कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारी आयपॅडवर गेम ठेवला, तेव्हा आपण बॅटमॅनसारखं एखादं पात्र आहोत असं समजून काम करणारी मुलं सगळ्यात जास्त वेळ टिकली. म्हणजे चिकाटी होती हो पोरांकडे, "मी" म्हणून ती बाहेर येत नव्हती एवढंच.

मोठ्यांचंही तेच. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये लोकांना व्हर्च्युअल रिॲलिटीत अवतार दिले, कोणाला उंच, कोणाला बुटके, तेही नशिबाने, आणि मग पैसे वाटून घ्यायला लावले, तर उंच अवतारवाले स्वतःकडे जास्त ओढायला लागले आणि बुटके अन्यायाची वाटणीसुद्धा मुकाट मान्य करायला लागले. आता यातला "हावरा" कोण? ज्याला उंच अवतार मिळाला तो! काकांनाही चिठ्ठीत माफियाच आलेला ना. शिवाय खेळात हरलं तरी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कोणी तोंड फिरवत नाही, एजीएममध्ये ती खात्री नसते.

म्हणून खेळातून काहीच कळत नाही असंही नाही. फुग्याची एक टेस्ट आहे, २००२ ची, कॉम्प्युटरवर पंप मारत जायचं, प्रत्येक पंपाला पैसे वाढतात पण फुगा फुटला की त्या फुग्याचे सगळे गेले; यात जास्त ताणणारे लोक खऱ्या आयुष्यातही सिगरेट, जुगार असली रिस्क जास्त घेताना आढळले. फरक असा की तिथे फुगे एकामागून एक येतच राहतात आणि रोल कोणी दिलेला नसतो.

त्यामुळे ऐरोली-महापेच्या ऑफिसांत टीम बिल्डिंगच्या एका दुपारीवरून "हा लीडर, ही लाजाळू" असे शिक्के मारतात ते मला फार पटत नाही. निदान पुढच्या राउंडला रोल तरी बदला, लाजाळू म्हटलेल्या मुलीला टर्फवर कॅप्टन करा, आणि एकदाच नाही, दोन-चार मॅच करू द्या.