महिला कॅप्सूल निवास

प्रवासी स्त्रियांसाठी राखलेली, एका मोठ्या दालनात एकावर एक बसवलेल्या बंदिस्त शय्यांची मुक्कामाची सोय. प्रत्येक शय्येला तीन बाजूंनी भिंती व वर छत असते. चौथ्या बाजूला जाड पडदा किंवा सरकते झडप असते. भाडे खोलीचे नसून एका शय्येचे असते. स्नानगृह, शौचालय, सामानाचे लॉकर व बसण्याची जागा समाईक असते. मिश्र वसतिगृहातील एखादे दालन स्त्रियांना दिलेले असते, त्यास सामान्यतः ‘लेडीज डॉर्म’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत संपूर्ण मजला किंवा संपूर्ण वास्तू स्त्रियांसाठी असलेल्या निवासाचा विचार केला आहे.

उगम : कॅप्सूल निवासाचा आरंभ बहुतेक संदर्भग्रंथ १९७९ साली ओसाका (जपान) येथील उमेदा भागात सुरू झालेल्या ‘कॅप्सूल इन ओसाका’पासून मानतात. त्याचा आराखडा वास्तुशिल्पी किशो कुरोकावा (१९३४–२००७) यांचा. रात्री उशिरा घरी न परतता सौना स्नानगृहाच्या विश्रांतिकक्षात जमिनीवरच झोपणाऱ्या नोकरदार पुरुषांसाठी ही कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. काही अभ्यासक मात्र आरंभ आणखी मागे नेतात. कुरोकावा १९६० च्या सुमारास उदयास आलेल्या ‘मेटाबोलिझम’ (इमारती व शहरे सजीवांप्रमाणे वाढती-बदलती असावीत, असे मानणाऱ्या) या वास्तुविचाराचे एक प्रवर्तक होते, १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात त्यांनी कॅप्सूल घर मांडले आणि १९७२ साली टोकिओत १४० कॅप्सूलांचा नाकागिन मनोरा उभा केला, हा त्यांचा आधार. नाकागिनमधील प्रत्येक कॅप्सूल ही स्वतःचे स्नानगृह असलेली खोली होती, आणि हा मनोरा २०२२ मध्ये उतरवण्यात आला. विचाराचे मूळ नाकागिनमध्ये आणि निवासप्रकाराचे मूळ उमेद्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आगगाडीच्या शयनयानातील बर्थ हाच खरा पूर्वज, हे तिसरे मत लोकप्रिय आहे. मापे जुळतात एवढाच त्याला आधार असला, तरी भारतापुरते ते अगदीच टाकाऊ नाही.

याचे कारण असे की, या निवासाच्या नावातील ‘महिला’ हा भाग जपानकडून आलेला नाही. आरंभीची जपानी कॅप्सूल हॉटेले पुरुषांसाठीच होती. स्त्रियांसाठी वेगळे मजले व वेगळी लिफ्ट हे नंतरचे. प्रवासी स्त्रियांच्या स्वतंत्र मुक्कामाची परंपरा निराळी आणि जुनी आहे. १८५५ साली लंडनमध्ये लेडी किनेर्ड यांनी क्रिमियाच्या युद्धावर जाणाऱ्या-येणाऱ्या परिचारिकांसाठी निवास उघडला. वाय.डब्ल्यू.सी.ए. (यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेचा उगम जेथे शोधला जातो, त्यांपैकी हा एक. एमा रॉबर्ट्‌स यांचा त्याच सुमारास सुरू झालेला प्रार्थनासंघ हा दुसरा. मुंबईत या संस्थेचे काम १८७५ च्या सुमारास सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये केवळ स्त्रियांसाठीचे ‘मार्था वॉशिंग्टन’ हॉटेल १९०३ साली निघाले.

भारतात हा विषय प्रथम रेल्वेच्या कायद्यात आला. १८९० च्या रेल्वे अधिनियमातील कलम ६४ अन्वये १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक डबा-कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखणे बंधनकारक झाले. गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल, तर त्या कप्प्यात शौचकूपही असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. १९८९ च्या अधिनियमातील कलम ५८ मध्ये हीच तरतूद कप्पा किंवा ठरावीक बर्थ अथवा आसने अशा रूपात कायम राहिली. आज मराठी मुलुखातील एखादी स्त्री कॅप्सूलमध्ये शिरते, तेव्हा तिच्या मनातील तुलना लेडीज डब्याशी असते.

रचना : कॅप्सूलची लांबी साधारण दोन मीटर, रुंदी एक मीटर व उंची एक ते सव्वा मीटर असते. आत बसता येते, उभे राहता येत नाही. साचा पूर्वी तंतुकाच (फायबरग्लास) व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचा असे. भारतात पोलादी सांगाड्यावर प्लाय किंवा लॅमिनेटचे काम अधिक आढळते. उशाशी दिवा, चार्जिंगचा प्लग, एक खुंटी, क्वचित आरसा व हवेचा झरोका. वरच्या ओळीतील कॅप्सूलला उभी शिडी असते. साडी नेसलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या बाईला ती चढवत नाही, म्हणून खालच्या ओळीला मागणी जास्त. पावसाळ्यात झरोका नीट नसेल तर आतली हवा कोंदते आणि ओले कपडे वाळत घालायला जागा उरत नाही; साताऱ्यासारख्या पावसाच्या गावी ही अडचण गौण मानता येणार नाही.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅप्सूलला आतून कडी नसणे. जपानी नियमांनुसार कॅप्सूल ही खोली न समजता समाईक खोलीतील शय्या समजली जाते. आग लागल्यास झोपलेल्याला तत्काळ बाहेर पडता यावे व बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, यासाठी कुलूपबंद दार टाळले जाते. पुरुषाच्या दृष्टीने ही किरकोळ गैरसोय आहे. एकट्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र सगळा प्रश्न येथेच आहे. परगावच्या खोलीत शिरल्यावर ती पहिल्यांदा दाराची कडी ओढून पाहते. कॅप्सूलमध्ये ती कडी शय्येवरून निघून दालनाच्या, मजल्याच्या किंवा जिन्याच्या दारावर जाते. त्या दारातून कोणाला आत येता येते, यावर तिची झोप अवलंबून असते. म्हणून ‘केवळ महिलांसाठी’ ही अट येथे सवलत मानू नये. ती सुरक्षेच्या बांधणीचाच भाग आहे. याच न्यायाने, स्नानगृह त्या दाराच्या आत असणे, रात्रपाळीला स्त्री कर्मचारी असणे आणि दुरुस्तीला येणाऱ्या पुरुषाची वर्दी आधी देणे, या तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर निवास नावापुरताच महिलांचा राहतो.

कायदेशीर बाजू : राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) नुसार केवळ लिंगाच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही, १५ (३) नुसार राज्याला स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करता येते. खाजगी मालकाच्या महिला निवासाला १५ (३) चा आधार कितपत घेता येईल, याविषयी मतभेद संभवतो. मात्र ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ असे सांगणारा लॉजमालक १५ (२) च्या आशयाविरुद्ध वागतो, यात शंका नाही. पारलिंगी स्त्रियांबाबत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे नियम आढळतात. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने लोकांसाठी खुल्या सोयीसुविधांत भेदभावास मनाई केली आहे.

महाराष्ट्रात : मुंबई सेंट्रल स्थानकावर नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ पॉडचा (कॅप्सूलांचा) निवास सुरू झाला; त्यात स्त्रियांचे पॉड वेगळे ठेवले आहेत.

सातारा व सांगली परिसर : या दोन जिल्ह्यांत प्रवासी स्त्रीचा मुक्काम परंपरेने नातलगांकडे, नाहीतर देवस्थानात. सज्जनगड व गोंदवले येथील भक्तनिवास, तेथील प्रसादाची पंगत आणि पथारीला मिळणारी जागा यांवर अनेक पिढ्यांतील बायकांनी विसंबून प्रवास केला. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते. तेथील मुक्कामाच्या रात्री दिंडीतील बायका राहुट्यांत किंवा शाळेच्या व्हरांड्यात ओळीने झोपतात; पिशवी उशाला, चपला पायाशी आणि कडेला वयाने वडील बाई. दालन समाईक, कडी नाही, तरी झोप लागते. दिंडीत सगळ्याजणी एकमेकींना ओळखतात, हे त्याचे कारण. कॅप्सूल निवासात अनोळखी बायका शेजारी येतात. दिंडीतली वडील बाई जे काम करते, ते तेथे व्यवस्थापनाला करावे लागते.

गरज मात्र वाढते आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सर्व गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले आणि एकटीने गावाबाहेर पडणे पुष्कळजणींच्या आवाक्यात आले. तिकीट स्वस्त झाले, रात्र काढण्याचा खर्च तसाच राहिला. पोलीस भरतीची मैदानी चाचणी पहाटे सुरू होते. त्यासाठी खेड्यातून आलेल्या मुली आदल्या रात्री बसस्थानकाच्या बाकावर बसून काढतात, हे दृश्य दोन्ही जिल्ह्यांना नवे नाही. पुणे–बंगळूर महामार्गावरील खाजगी गाड्या साताऱ्यात बहुधा बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरवतात. सांगली महामार्गावर नसल्याने तिकडच्या प्रवाशाला पेठ नाक्यावर उतरून दुसरी गाडी धरावी लागते, आणि अपरात्री ती धरणे बाईमाणसाला जड जाते. सातारा रेल्वे स्थानक माहुलीकडे, शहरापासून काही किलोमीटर दूर आहे. कास पठाराच्या फुलांचा हंगाम (ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर) व सप्टेंबरच्या सुमारास यवतेश्वर घाटात होणारी धावस्पर्धा या दिवसांत साताऱ्यातील खोल्यांचे दर चढतात. एका शय्येपुरते भाडे घेणारा निवास तेव्हा विशेष उपयोगी पडावा.

मिरजेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे मिशन रुग्णालय उभे केले, तेव्हापासून हे गाव दूरदूरच्या रुग्णांचे राहिले. रुग्णासोबत आलेली बायको, आई किंवा सून आठ-आठ दिवस वॉर्डाबाहेर चटईवर झोपते. आंघोळीला कोणाच्या तरी ओळखीचे घर शोधते. तिला दिवसाच्या हिशेबाने शय्या, लॉकर व गरम पाणी मिळाले, तर तिचा मोठाच भार उतरेल. अडचण मुलांची येते. महिला निवासांत विशिष्ट वयावरील मुलग्यास प्रवेश नसतो. सात-आठ वर्षांचा मुलगा बरोबर असलेल्या आईला मग तेथे जागा नाही. तिच्यासाठी दाराजवळ वेगळ्या वाटेचा एखादा कक्ष ठेवणे हा उपाय रास्त वाटतो.

राज्याच्या ‘आई’ या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणात (२०२३) पर्यटन व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, तरतूद आहे. साताऱ्याच्या पेठांत किंवा सांगलीच्या गावभागात वाड्याची माडी रिकामी असेल, तर तेथे असा निवास काढण्याचा विचार सहज सुचतो. तथापि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. लाकडी तुळया, एकच अरुंद जिना आणि पडद्याआड झोपलेली माणसे असलेल्या माडीला दुसरा जिना काढल्याशिवाय कॅप्सूल बसवू नयेत.