रीलिनचे प्रतिपिंड नेमके काय पाहते? : पार्श्वभूमी

डोलत, तोल जात चालणाऱ्या ‘रीलर’ उंदराचे वर्णन १९५१ मध्ये छापून आले. त्यानंतर चार दशके त्याच्या मेंदूतल्या उलट्यापालट्या थरांचा बारकाईने अभ्यास झाला, पण कोणते प्रथिन हरवले आहे हे कळत नव्हते. ते प्रथिन म्हणजे रीलिन. त्याच्या प्रतिपिंडाची, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूची, कथा सुरू होते ती १९९५ मध्ये.

त्या वर्षीची युक्ती आजही थक्क करते. जे प्रथिन रीलर उंदराच्या शरीरात नाही, ते त्याच्या प्रतिकारशक्तीला परके वाटणार, एवढाच तर्क. निरोगी गर्भाच्या मेंदूचा लगदा रीलर उंदरांना टोचला आणि तयार झालेल्या प्रतिपिंडांतून निरोगी मेंदू रंगवणारे, पण रीलर मेंदू कोरा सोडणारे तेवढे निवडले. प्रथिनाचे नाव माहीत नसताना ते पकडणारे हत्यार हाती आले. त्याचे नाव सीआर-५०. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, अगदी वरच्या थरातल्या काहाल-रेट्झियस नावाच्या चेतापेशी त्याने उजळून निघाल्या. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने जनुक शोधले, प्रथिनाला रीलिन हे नाव मिळाले आणि दोन्ही धागे जुळले. सीआर-५० रीलिनला नुसते दाखवत नाही, त्याचे काम अडवतेही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत ते घातले की निरोगी पेशींची मांडणी रीलरसारखी होऊ लागते.

१९९८ मध्ये प्रथिनाचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून त्याविरुद्ध नवे प्रतिपिंड काढले गेले. त्यांतले जी-१० आणि १४२ प्रयोगशाळांत रुळले. सीआर-५० प्रमाणे हीसुद्धा रीलिनच्या सुरुवातीच्या टोकालाच, म्हणजे एन-टोकाला चिकटतात. पुढचा बराचसा गोंधळ इथूनच निघाला.

रीलिन अवाढव्य आहे, जवळजवळ ३,४६० अमिनो आम्लांचे. पेशीबाहेर ते दोन ठिकाणी कापले जाते. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत, जी-१० तीन पट्टे दाखवते: अखंड प्रथिनाचा ४०० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास, दुसरा ३०० च्या जवळ आणि तिसरा १८० चा. आता ‘रीलिनची पातळी घटली’ असे लिहिले, तर यांतला कोणता पट्टा? कोणी फक्त १८० चा मोजतो, कोणी तिन्हींची बेरीज करतो. १८० चा पट्टा वाढणे म्हणजे रीलिन वाढणे नव्हे. जास्त रीलिन कापले जात असेल तरी तो वाढतो, आणि एन-टोकाजवळचा काप तर रीलिनची ताकद कमी करतो. त्यात मधला तुकडा, जो ग्राहींना, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, बांधून घेऊन संदेश देऊ शकतो, त्याला एन-टोकच नसते. म्हणजे कामाचा तो तुकडा या प्रतिपिंडांना दिसतच नाही. ‘पातळी’ हा शब्द पट्टा न सांगता वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. १९९८ पासून स्किझोफ्रेनियात मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत रीलिन कमी असल्याचे अहवाल आले. ते वाचताना पहिला प्रश्न हाच हवा.

मेंदूच्या रंगवलेल्या पातळ चकतीबाबतही हीच सावधगिरी लागते. रीलरच्या ‘ऑर्लिन्स’ प्रकारात प्रथिन शेपटीकडे, म्हणजे एन-टोकाच्या विरुद्ध टोकाकडे, तुटलेले असते आणि पेशीबाहेर पडत नाही. तरी एन-टोकाचे प्रतिपिंड ती पेशी छान रंगवते. पेशी रंगली, पण रीलिन कामाला पोहोचलेच नाही. शिवाय ही प्रतिपिंडे मुळात उंदराची. उंदराच्याच मेंदूवर वापरली की दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे पहिल्या प्रतिपिंडाला धरून रंग दाखवणारे, रक्तवाहिन्यांतल्या उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही (इम्युनोग्लोब्युलिन) धरते. म्हणून शेजारी रीलर मेंदूची चकती ठेवणे हाच सर्वांत प्रामाणिक ताळा.

माणसात रीलिनचे जनुक दोन्ही प्रतींत बिघडले तर मेंदूच्या वळ्या नीट पडत नाहीत आणि लहान मेंदू खुरटतो, हे २००० मध्ये समोर आले. २०२३ मध्ये मात्र रीलिन उलट्या कारणाने चर्चेत आले. कोलंबियातल्या एका कुटुंबात चाळिशीत स्मृती ढासळवणारे अल्झायमरचे उत्परिवर्तन आहे. त्यातला एक पुरुष ६७ व्या वर्षापर्यंत शाबूत राहिला आणि त्याच्या रीलिनमध्ये एक दुर्मीळ बदल सापडला. तो बदल ३,४४७ व्या अमिनो आम्लावर आहे, म्हणजे शेपटीच्या अगदी टोकाला. जी-१० दुसऱ्या टोकाला चिकटते, त्यामुळे हा बदल त्याला ओळखता येत नाही. तो जनुकीय क्रमवाचनातून सापडला.